लेन्सच्या वीतभर वर

सोमवार, ता. ४

चिमे, आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारून घेतो, मग माझं पुराण सुरू करतो. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून कटकट बोलतात का? मेहुण्यांचा खोकला गेला, की औषधाची बाटली अजूनही गुपचूप कुंडीत रिकामी होते? त्या झाडाचा खोकला तरी एव्हाना बरा झाला असेल. भाच्याची मान आखडली होती ती सुटली का? सूनबाईच्या अंगात थोडी ताकद आली का, की बाळंतपणातून उठल्या उठल्या पदर खोचून कामाला लागली? आणि तिची लेक, आमच्या ठमाबाई! कान दुखायचा थांबला का? वरचा दात आला की अजून हिरडी शिवशिवते म्हणून आज्याचं बोट चावते? मांजरीचंही लिही. म्हातारी आहे, पण घरातलीच आहे.

मी ठणठणीत आहे. वही आता पंधरा दिवस माझ्याकडे. तुझं लग्न झालं तेव्हापासूनची आपली ही रीत, पंधरा दिवस मी लिहायचं आणि टपालात टाकायचं, मग पंधरा दिवस तू. लोक म्हणतात भावाबहिणीने पत्र लिहावं, वही कसली धाडता. त्यांना काय कळतंय. पत्रात माणूस सजून बसतो, वहीत तो बनियनवर असतो.

काल दुपारी इथे उतरलो. जागा छान मिळाली. खाली एक शिंपीणबाई राहतात, दिवसभर मशीन चालवतात, वर माझी खोली. खोलीला उत्तरेची मोठी खिडकी. स्टुडिओवाल्या माणसाला उत्तरेची खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड, म्हणजे लॉटरीच. शिंपीणबाईंची लेक सकाळी कामाला जाते आणि तिची आठ महिन्यांची मुलगी आजीच्या मशीनशेजारी पाळण्यात असते. मी ट्रंक घेऊन आत शिरलो तर तिने मला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं, जणू भाडं तीच ठरवणार आहे.

नोकरी ऐकून तुला हसू येईल. चाळीस वर्षं लोकांना ‘हसा जरा, हनुवटी खाली’ म्हणून घसा बसवला, आता भ्यालेल्या माणसांचे फोटो काढायचे! इथल्या बागेत एक भूतबंगला आहे. लोक तिकीट काढून आत घाबरायला जातात. नेमके घाबरले की मी फोटो टिपायचा, लगेच धुवायचा आणि बाहेर फळ्यावर टांगायचा. आपलंच तोंड बघून लोक पोट धरून हसतात म्हणे. स्टुडिओ बंद झाल्यावर मी वाटेत पडलेल्या छत्रीसारखा झालो होतो. आता पुन्हा कुणीतरी उघडलीय.

ठरल्याप्रमाणे वीस तारखेला ठमाबाईला घेऊन ये. घरातल्या प्रत्येक पोराचा पहिला फोटो मीच काढलाय. तुझ्या मुलाचा, दोन्ही पुतण्यांचा. ही एकटीच राहिली, स्टुडिओच बंद पडला म्हणून. भिंतीला पांढरी चादर आजच बांधून ठेवलीय.

मंगळवार, ता. ५

भूतबंगला म्हणजे बाहेरून बंगला आणि आतून नुसत्या फळ्या. काळ्या रंगाने रंगवलेली एक बोळ, तिला सात वळणं. कुठे सांगाडा लटकतो, कुठे पायाखालची फळी हलते. शेवटच्या वळणावर एक लाल मिणमिणता दिवा, डाव्या हाताला कपाट, आणि समोर माझी खोपटी. प्लायवूडची, वरून उघडी, माझ्या स्टुलापुरती. पुढे एक फट, फटीत कॅमेरा. पाठीमागे काळा पडदा. पडद्यामागे पूर्वी बाहेर जायचा रस्ता होता, तो आता विटा लावून बंद केलाय. मी त्या बंद बोळीतच माझ्या रिकाम्या पेट्या ठेवल्यात.

कपाटात चेटकीण असते. म्हणजे आमचे चेटकीणबुवा. नाटकात उभी हयात गेलेला माणूस, वय माझ्याएवढंच. केसांचा टोप, नाकावर मेणाची चामखीळ, आणि पायात मात्र कापडी बूट, कारण टाचेला भोवरी झालीय. लोक आले की दार ढकलून किंचाळत बाहेर येतात, आणि लोक गेले की परत आत जाऊन खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचतात. दुपारी आम्ही दोघं आणि खिडकीवरच्या तिकीटबाई मागच्या ओट्यावर जेवतो. तिकीटबाई बुवांना म्हणाल्या की चामखीळ काढून जेवत जा, माझ्या भाजीत पडेल. बुवांनी गंभीरपणे ती काढून खिशात ठेवली.

फोटो धुवायची खोली बाहेर, न्हाणीघराएवढी. डेव्हलपरचा तोच वास. चिमे, डोळ्यांत पाणी आलं गं. वासाने नाही.

गुरुवार, ता. ७

अडचण आहे. बुवा डावीकडून निघतात, म्हणून सगळे डावीकडे बघतात. मला मिळतात कान, अंबाडे आणि टकलं. मॅनेजरसाहेबांनी फळ्यासमोर उभं राहून विचारलं की बाबा, हे भूतबंगल्याचे फोटो आहेत की केस कापायच्या दुकानाचे? राग नव्हता, पण लागलं मला. कॅमेरा हलवायचा म्हटलं तर जागा नाही. कपाट हलवायचं म्हटलं तर बुवा रुसतात.

माझं काम एकच होतं आयुष्यभर, माणसाची नजर लेन्समध्ये आणणं. बाकी दिवे, पडदे, पावडर सगळं कुणालाही जमतं. तेच जमेना म्हणजे काय!

शुक्रवार, ता. ८

जमलं! उत्तर ट्रंकेत कपड्यांखाली पडलेलं होतं. आपला पत्र्याचा निळा खुळखुळा, ज्याच्याकडे बघून तुझा मुलगा पहिल्यांदा हसला तो. बुवांनी दार ढकललं, किंचाळले, आणि लोक तिकडे वळणार तेवढ्यात मी लेन्सच्या शेजारी खुळखुळा हलवला. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “बघा, बघा, कोण आलंय!” तान्ह्या पोरांना म्हणायचो तेच, त्याच सुरात.

सगळ्यांच्या माना गर्रकन माझ्याकडे. धुतल्यावर बघतो तर काय फोटो! पाच जणांचे पाच चेहरे, समोरून, डोळे टक्क उघडे. मॅनेजरसाहेब म्हणाले की बाबा, तुम्ही जादूगार आहात. बुवा मात्र जेवताना फुगून बसले होते. म्हणाले, फोटोमास्तर, मी बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि लोकांनी तुमच्या खेळण्याकडे बघायचं, हा कलेचा अपमान आहे. मी त्यांना माझ्या डब्यातला अर्धा वाटा दिला तेव्हा अपमान जरा कमी झाला.

सोमवार, ता. ११

तीन दिवस नुसती रीघ लागलीय. फळ्यासमोरून माणूस हलत नाही. रविवारी तर शाळेतली मुलं जेवायला रांगेत उभी करतात तशी माणसं उभी होती. मी दिवसभरात शंभरदा म्हणत असेन, बघा बघा कोण आलंय.

एक गोष्ट तुला सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हणतील म्हातारा चळला. पहिल्या तीन दिवसांतले फोटो आणि आताचे, दोन्हींत माणसं भ्यालेली आहेत, पण भीती वेगळी आहे. आधी जे थोडे चेहरे बाजूने मिळाले त्यांची तोंडं उघडी होती, जीभ दिसायची, निम्मे तर हसतच असायचे. आता तोंडं मिटलेली. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. नवरा, बायको, मैत्रिणी, सगळे शेजारीशेजारी, पण एकेकटे. डेव्हलपरमध्ये कागद टाकला की आधी काळं उमटतं, केस, भुवया आणि बुबुळं. चेहरा यायच्या आधी नुसती बुबुळं वर येतात. मी हजारो वेळा बघितलंय ते. हल्ली त्या वेळी मी बशीवरून मान वर करतो.

लोक बाहेर येऊन फोटो बघतात आणि विचारतात, अरेच्चा, आम्ही एवढं कशाला घाबरलो होतो? कुणालाच आठवत नाही. मी विचारलं, कशाकडे बघत होता? सगळ्यांचं उत्तर एकच की तुमच्या खुळखुळ्याकडे.

पण चिमे, खुळखुळ्याकडे नाही बघत ते. खुळखुळा मी लेन्सच्या उजवीकडे, लेन्सच्याच उंचीला धरतो. त्यांचे डोळे लेन्सच्या वीतभर वर आहेत. चाळीस वर्षांत मला एवढं कळायला लागलंय.

मंगळवार, ता. १२

आज सकाळी बंगला उघडायच्या आधी एक खेळ केला. खेळच म्हणून केला.

तिकीटबाईंना लाल दिव्याखाली उभं केलं, जिथे फोटोतला डावीकडचा माणूस उभा होता त्याच फरशीवर. बुवांच्या हातात माझी छत्री दिली, पांढऱ्या मुठीची. तिकीटबाईंनी मुठीकडे बघायचं, बुवांनी छत्री हलवायची, आणि मी फटीतून हातातला फोटो आणि तिकीटबाईंचे डोळे ताडून बघायचं. मग बाईंना उजव्या टोकाच्या माणसाच्या फरशीवर उभं करायचं आणि पुन्हा तेच. दोन्ही टोकांची नजर जुळेल अशी जागा एकच असणार.

तिकीटबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, लग्नाला मुलगी दाखवतानासुद्धा माझे डोळे इतके कुणी तपासले नव्हते. बुवांनी छत्री लेन्सवर धरली, जुळेना. माझ्या डोक्यावर धरली, जुळेना. मागे जा म्हटलं, ते पडद्यात गेले. अजून मागे. मी पडदा बाजूला बांधला. बुवा त्या बंद बोळीत, माझ्या पेट्यांमध्ये, तीन पावलं आत. तिथे आडवं जुळलं, उभं नाही. वर धरा म्हटलं. त्यांनी हात वर केला. अजून वर. त्यांनी चवडे उंचावले, हात सरळ केला, छत्रीची मूठ छताला लागायला आली, तेव्हा बाईंची नजर फोटोतल्यासारखी झाली. दोन्ही फरशांवरून.

तो कालचा फोटो होता. मग मी शुक्रवारचा आणला, पहिल्या दिवसाचा. बुवांना थेट विटांच्या भिंतीला टेकावं लागलं. शनिवारचा, भिंतीपासून पुढे एक पाऊल. रविवारचा, अजून एक.

तिकीटबाई मघाशीच हसायच्या थांबल्या होत्या. बुवांनी छत्री मिटली, जी आधीच मिटलेली होती, आणि मला विचारलं की फोटोमास्तर, तुम्ही दिवसातून शंभर वेळा ते जे म्हणता, ते नक्की कुणाला म्हणता?

बुधवार, ता. १३

खुळखुळा बंद. तोंडही बंद. तरी आजचे सगळे फोटो तसेच, मिटलेली तोंडं, वर गेलेले डोळे. बुवांच्या किंकाळीकडे कुणी मान वळवली नाही.

छत्री लावून बघितली. आता पडद्यापासून दोनच पावलं. आणि बुवांना चवडे उंचवावे लागले नाहीत. नुसता हात वर केला तरी पुरलं.

म्हणजे ते वाकतंय. मोठं माणूस लहान मुलाजवळ येताना वाकतं तसं.

दुपारी एक बाई आली, नवऱ्याला हाताला धरून. फोटो काढला होता शुक्रवारी, पाच जणांचा तो, त्यातला मधला माणूस. मला ओळख पटली, पण त्याला मीच काय, कुणीच ओळखीचं राहिलेलं नाही. बायको पुढे उभी राहिली की तो तिच्या खांद्यावरून मागे बघतो. ती बाजूला गेली की तिच्या मागच्या भिंतीकडे नाही, तिच्या खांद्याच्याच वर. भरवलं तर खातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. ती बाई मला हात जोडून म्हणाली, दादा, तुम्ही त्याला जे दाखवलंत ते परत एकदा दाखवा आणि आता बघू नको म्हणून सांगा, तो तुमचंच ऐकेल.

मी तिला पाणी दिलं. मॅनेजरसाहेब म्हणाले की दारू पीत असेल.

गुरुवार, ता. १४

बुवा काम सोडून गेले. अकरा वाजता पहिली टोळी आली, बुवांनी दार ढकललं, आणि किंकाळी मध्येच तुटली. मी फटीतून बघितलं. नेहमी ते लोकांकडे तोंड करून उभे राहतात. आज पहिल्यांदा त्यांनी लोक बघतायत तिकडे बघितलं होतं.

टोप काढला. चामखीळ काढली. कपाटातलं वर्तमानपत्र घडी करून काखेत घेतलं. मागच्या दाराशी मी त्यांना गाठलं, माझ्याकडे बघा तरी म्हटलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच माझा खांदा चाचपून थोपटला. एवढंच म्हणाले, मास्तर, बोलावलेलं माणूस हाकललं तर जातं, पण याला तुम्ही लेकरासारखं बोलावलंत.

नंतर ते भिंतीला हात लावत लावत गेले.

शुक्रवार, ता. १५

नोकरी सोडली. साहेब म्हणाले मनावर घेऊ नका, चार दिवस आराम करा. खोपटीत पाऊल टाकणार नाही असं ठरवलं होतं, पण खात्री हवी होती की ते तिथेच राहतंय. म्हणून कॅमेऱ्याला लांब दोरी बांधली आणि मी स्वतः त्या फरशीवर उभा राहिलो. स्टूल रिकामं. खोपटी रिकामी. शपथेवर सांगतो, मी लेन्समध्येच बघत होतो. दोरी ओढली.

फोटो धुतला. माझी नजर लेन्समध्ये नाही. वरही नाही. मान किंचित डावीकडे आणि डोळे माझ्याच डाव्या खांद्याकडे, अगदी जवळ, शेजारी कुणी तोंडाला तोंड लावून उभं असावं तसे. तोंड मिटलेलं.

मला यातलं काही आठवत नाही, चिमे.

उन्हातून चालत घरी आलो. रस्त्यात माणसं होती, भाजी घेणारी, सायकलवाली. दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे जवळजवळ माझ्याकडे.

शिंपीणबाईंनी हाक मारली, बघा काका, बाई आज कशी खुशीत आहे. पाळण्यातली पोर माझ्याकडे तोंड करून खदखदून हसत होती. तिला भीती नाही. लहान आहे ना. मी एक पायरी चढलो, तिची नजर चढली. मी थांबलो. तिची नजर थांबली नाही, ती हळूहळू खाली आली, माझ्या कानापर्यंत, आणि तिने दोन्ही हात पुढे केले. कुणी वाकून घ्यायला आलं की मुलं करतात तसे.

शनिवार, ता. १६

पोर हसत नाही. आजीने हाक मारली, आईने हाक मारली, टाळ्या वाजवल्या, मान वळत नाही. नुसती जिन्याकडे बघते. पाळणा फिरवला तर रडून काळीनिळी होते. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम.

शिंपीणबाईंना मी सगळं सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, काका, तिला तुमचा लळा लागलाय, दुसरं काही नाही, तुम्ही खाली येऊन बसत जा. आणि पाळणा त्यांनी जिन्याच्या पायथ्याशीच आणून लावला. म्हणजे तिला मी दिसेन.

हे मी केलंय. कुणी केलं म्हणून कुठे बोट दाखवायला जागा नाही.

आता वीस तारीख. वही टपालाने चार दिवसांनी पोचेल, उशीर होईल. म्हणून सकाळीच, पाळणा जिन्याशी येण्याआधी, त्याच्याकडे पाठ करून, अंग भिंतीला घासत उतरलो आणि तार केली, “येऊ नका. मी मजेत आहे.” तारबाबूने शब्द मोजले, माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या जरा बाजूला.

ठमाबाईचा फोटो नको. मोठी झाली की काढेल कुणीतरी. फोटोवाचून कुणाचं अडत नाही. मला आयुष्यभर हे कळलं नाही.

रविवार, ता. १७

तुझी तार आली. “दादा काळजी करू नकोस. सगळे निघालो. ठमीला बघून तुला बरं वाटेल.”

चिमे, चिमे. मूर्ख मी. ‘मजेत आहे’ असं मी तुला आजवर एकदाच कळवलंय, तुझी वहिनी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा. आणि येऊ नका असं कधीच नाही. तू ओळखलंस की दादाचं काहीतरी बिनसलंय. बरोबर ओळखलंस. पण चुकीचं.

मीच जातो इथून. जिथे पोरंबाळं नाहीत अशा कुठेतरी. ट्रंक भरली. जिन्यावर गेलो, तीन पायऱ्या उतरलो. खाली पाळणा. पोर जागी. तिने हात वर केले.

परत आलो. ती झोपली की उतरेन.

सोमवार, ता. १८, सकाळ

झोपली नाही. शिंपीणबाई म्हणतात, शनिवारपासून डोळ्याला डोळा नाही. मशीन बंद आहे. खाली नुसतं शांत.

खिडकीतून उडी? मजलाभर उंची, खाली फरशी. पाय मोडून पडलो तर लोक जमतील. पोरं जमतील. सगळी माझ्याकडे बघतील.

तुमची सकाळची गाडी साडेनऊला येते, स्टेशनापासून इथे पाच मिनिटांचा रस्ता.

सव्वानऊ

भिंतीकडे तोंड करून बसलोय. चादरीकडे. ती सोडून ठेवायला हवी होती, पण आता मान वर करायची नाही — डाव्या कानावर गार लागतंय, खिडकी उजवीकडे आहे.

ओरडून सांगू का तुला खालूनच परत जा म्हणून? तू लहानपणापासून माझा आवाज ऐकून धावतच आलीस. ओरडलो तर दोन पायऱ्या एकदम चढशील, गुडघे दुखत असले तरी.

दाराला कडी लावलीय. ती उघडायची नाही. काही झालं तरी —

वही खिडकीतून टाकणार. पोस्टमन याच वेळी गल्लीत —

साडेनऊ झाले

गाडी आली. भोंगा ऐकला.

गाडीत तू नाहीस. तुझे गुडघे दुखतायत, मेहुणे खोकतायत, घर सोडून कोण येतंय. तार चुकून दुसऱ्याची —

खाली बोलणं ऐकू येतंय. शिंपीणबाई कुणाला तरी पाळणा दाखवतायत. कुणीतरी हळहळतंय. आवाज ओळखीचा नाही. नाही.

कडी काढल्याचा आवाज झाला. मी हललो नाही. माझे दोन्ही हात वहीवर —

चिमे, तू घरीच आहेस. असलीस तर लगेच लिही. आजच लिही, उद्यावर टाकू नकोस, पंधरा दिवस थांबू नकोस. मेहुण्यांच्या हातचं नको, तुझ्या हातचं. एवढंच लिही की तू निघालीच नाहीस, ठमाबाई आतल्या खोलीत झोपलीय. लवकर उत्तर धाड गं, म्हणजे आत्ता जिन्यावर जे गुडघे कटकट वाजत वर येतायत ते तुझे नाहीत, आणि कडेवरून जी हसतेय ती आपली —